माणूस आहे तोवर

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात, अश्विन पौर्णिमेच्या सायंकाळी आपल्या विहारात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी ते मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

मी माझ्या दोन शब्दांना सुरुवात करतो.

दोन शब्द म्हणालो खरं, पण आज थोडं जास्त बोलणार आहे. वय झालं की हा माणूस लांबण लावतो, असं आमच्या घरात म्हणतात. आजच्या लांबणीला वय कारण नाही. काय कारण आहे ते शेवटी सांगतो.

यंदा वर्षावास सुरू झाला त्याच आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एक मावशी गेल्या. रात्री भाकऱ्या थापल्या, भांडी घासून पालथी घातली, झोपल्या, त्या सकाळी उठल्याच नाहीत. ना आजार, ना दवाखाना. विहाराच्या फळ्यावर सूचना लिहायची म्हणून नेहमीप्रमाणे खडू माझ्या हातात आला. अक्षर बरं आहे ना माझं! 'दुःखद निधन' लिहिलं. तारीख लिहिली. अंत्ययात्रेची वेळ लिहिली. मधली जागा कोरी राहिली, कारण मावशींचं नाव मला माहीत नव्हतं. शेजारच्या चौघांना विचारलं. कुणी म्हणालं, थोरल्या पोराचं नाव घाला आणि पुढे 'ची आई' लिहा. एक बाई म्हणाल्या, आम्ही तर त्यांना त्यांच्या गावाच्या नावानेच हाक मारायचो. अहो, तीस वर्षं दर पौर्णिमेला ह्या बाईंनी विहार झाडला. मेणबत्त्यांचं साचलेलं मेण चाकूने खरवडून काढायच्या, ते ह्याच मावशी. शेवटी धाकटा पोरगा घरी धावला, रेशनकार्ड घेऊन आला, तेव्हा मधली जागा भरली.

खडू हातात धरून त्या फळ्यासमोर मी पाच-सात मिनिटं उभा होतो. ती पाच-सात मिनिटं मला फार जड गेली. आणि त्याच संध्याकाळी चौकात मावशींचा फ्लेक्स लागला! 'भावपूर्ण आदरांजली'. मधे मावशींचा फोटो आणि खाली पंधरा जणांचे फोटो, काळा चष्मा लावलेले. पंधरांपैकी किती जण मावशींच्या हातचा चहा प्यायले होते, किती जणांनी मावशींना कधी चहा पाजला होता, हे ज्याचं त्याने आठवावं. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझाही फोटो त्यात होता.

गेलेल्या माणसाला मान देण्यात आपला समाज कमी पडत नाही, हे मान्य केलं पाहिजे. निरोप मिळाला की माणसं कामाचा खाडा करून येतात. तिरडी बांधायला सांगावं लागत नाही. जलदान विधीला मांडव भरतो, पुण्यानुमोदनाला एकामागून एक वक्ते उठतात. आणि काय सुंदर बोलतात! 'मनमिळाऊ होते', 'शब्दाला जागणारे होते', 'सर्वांच्या मदतीला धावून जायचे'. मी मागे बसून ऐकतो आणि मनात येतं, ह्यातलं एक वाक्य जरी त्या माणसाच्या कानावर तो चालता-बोलता असताना पडलं असतं, तर तो आठ दिवस हवेत तरंगला असता.

दीर्घ आजाराचं माणूस आपल्याला मुदत देतं. आपण भेटायला जातो, फळं नेतो, जुनं काही असेल तर बोलून मोकळे होतो. अचानक जाणारा माणूस मुदत देत नाही. २०२० आणि २०२१ ह्या दोन सालांनी तर हे आपल्याला चांगलंच शिकवलं. सोमवारी ताप आला म्हणून ऐकलेला माणूस पुढच्या सोमवारी नव्हता. तोंड पाहायला मिळालं नाही, खांदा द्यायला मिळाला नाही. मोजक्या माणसांत, दुरून हात जोडून घरची माणसं परतली. तेव्हा आपण सगळेच म्हणत होतो की, बाबांनो, आता भांडणं नकोत, आयुष्याचा काही भरवसा नाही. टाळेबंदी उठली आणि नळावरची भांडणं पुन्हा सुरू झाली. किती महिने टिकली ती शहाणीव? मला वाटतं, सहासुद्धा नाही.

किसा गोतमीची गोष्ट आपल्या पोरांनाही पाठ आहे. मूल गेलं, ते कवटाळून ती औषध मागत फिरली. तथागतांनी सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये. आपण ह्या गोष्टीतून एवढंच घेतो की मरण कुणाला चुकलेलं नाही. बरोबर आहे. पण मला अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोहरी नाही असं घर नव्हतं. द्यायला नाही म्हणणारंही कुणी नव्हतं. गोतमीने दुसरा प्रश्न विचारला, तुमच्या घरात कुणी गेलं आहे का? आणि प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी सांगायला लागलं. कुणाचा बाप, कुणाची लेक, कुणाचा तरणा मुलगा. त्याच गावात ती राहत होती. ह्यातल्या कितींची दुःखं तिला आधी माहीत होती? स्वतःचं मूल गेल्यावर ती पहिल्यांदा दारोदार गेली, आणि तेव्हा तिला शेजारी कळले.

आपल्या भिंती तर एकमेकांना चिकटून आहेत. पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टी आपण मोजतो. पण पलीकडच्या घरात कोण गेलं, कधी गेलं, त्या घरातली बाई अमुक एका तारखेला का जेवत नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे?

आता एक मोठा दाखला. आपल्या समाजावर अचानक कोसळलेला सर्वांत मोठा आघात कोणता? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १६ डिसेंबरला मुंबईत तसाच सोहळा व्हायचा होता. मुंबईची माणसं पांढरे कपडे शिवून वाट बघत होती. आणि ६ डिसेंबरला दिल्लीहून बातमी आली. नागपूरपासून मोजले तर अवघे ५३ दिवस. आदल्या रात्री बाबासाहेब आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर हात फिरवत होते, सकाळी ते नव्हते. रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आलं, ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच, चितेसमोर, लोकांना दीक्षा दिली.

माझे वडील त्या गर्दीत होते. गिरणीत बदली कामगार होते तेव्हा. पहाटेपासून राजगृहापुढच्या रांगेत उभे राहिले. पुढे आयुष्यभर त्यांनी ही हकिगत सांगितली, पण 'मी दर्शन घेतलं' असं छाती काढून कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, 'बाबा बोलायचे तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो. टाळ्या वाजवून घरी यायचो.' माझा थोरला भाऊ तेव्हा दहा वर्षांचा, हॉटेलात कपबशा धुवायचा. पोरांना शाळेत घाला, हे बाबासाहेब किती वर्षं कंठशोष करून सांगत होते. वडिलांनी भावाला हॉटेलातून काढलं ते ७ डिसेंबरनंतर. 'बाबा असताना ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं रे,' असं म्हणताना त्यांचा आवाज बसायचा. एका बदली कामगाराने पोराला शाळेत घातलं हे बाबासाहेबांना कुठून कळणार होतं! पण वडिलांना तसं वाटायचं, आणि ते वाटणं मी खोटं मानत नाही.

त्याच साली, १८ मार्च १९५६ ला, आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा बोलून दाखवली होती. समाजातल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, अशा अर्थाचं ते बोलले. हे वाक्य आपण आज दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. मी शिकलो, कचेरीत हिशोबनीस म्हणून नोकरी केली, पेन्शन खातो, म्हणजे ते वाक्य आधी माझ्यासाठी आहे. मार्चमध्ये ज्यांना असं बोलावं लागलं, त्यांच्यासाठी डिसेंबरात लाखोंनी अश्रू ढाळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही एकत्र लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं.

स्वतः बाबासाहेब ह्या बाबतीत कसे होते? माता रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि हालअपेष्टांच्या दिवसांत तिने दिलेली साथ, ह्याची त्या अर्पणपत्रिकेत नोंद आहे. हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच्याही आधी, रमाई हयात असताना, १९२८ साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी छापून टाकलं होतं की आपण परदेशी असताना हिने संसाराचा भार वाहिला, शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, आणि आपल्याला मात्र तिच्यासाठी दिवसाचा अर्धा तासही काढता येत नाही. विलायतेतून मोठ्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, चारचौघांत, बायको जिवंत असताना हे लिहितो! आपल्यापैकी किती पुरुषांनी घरातल्या घरात तरी एवढं म्हटलं आहे? भगिनी हसताहेत. हसा, पण पुरुष मंडळी मान खाली घालून बसली आहेत तीही बघा.

महापरिनिब्बान सुत्तातले दोन प्रसंग मला ह्या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात. वंदनीय भन्ते समोर आहेत, माझं कुठे चुकलं तर दुरुस्त करावं. पावा गावी चुंद नावाच्या लोहाराने तथागतांना भोजन दिलं आणि त्यानंतर तथागत फार आजारी पडले. अंत जवळ आला हे त्यांना कळलं होतं. अशा वेळी माणूस स्वतःच्या दुखण्याशिवाय काही बोलत नाही. तथागतांना काळजी पडली ती चुंदाची. उद्या लोक त्या लोहाराला म्हणतील की तुझं अन्न खाऊन बुद्ध गेले. म्हणून त्यांनी आनंदाला सांगून ठेवलं की, संबोधीपूर्वी मिळालेलं भोजन आणि हे शेवटचं भोजन, दोन्हींचं पुण्य सारखंच आहे, असं चुंदाला सांग, त्याच्या मनातली टोचणी काढ. एका कष्टकऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून अखेरच्या प्रवासात केलेली ही तजवीज आहे.

दुसरा प्रसंग कुसिनाऱ्याचा. आनंद दाराला धरून रडत होते. अजून आपलं शिकणं पुरं झालं नाही आणि शास्ता चालले, हे दुःख. तथागतांनी त्यांना बोलावून घेतलं. अनित्यतेचा उपदेश केला, तो तर केलाच. पण पुढे काय केलं बघा. सगळ्या भिक्खूंच्या देखत त्यांनी आनंदाची स्तुती केली. तू इतकी वर्षं कायेने, वाचेने, मनाने माझी मैत्रीपूर्वक सेवा केलीस, असं तोंडावर सांगितलं. पंचवीस वर्षं पाणी देणारा, अंथरूण घालणारा, भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था बघणारा तो माणूस. आपल्याकडे अशा माणसाला गृहीत धरतात. तो गेल्यावर शोकसभेत त्याला 'विहाराचा आधारस्तंभ' म्हणतात. इथे उलट घडलं. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला, सर्वांसमोर, वेळ आहे तोवर, त्याचा मान देऊन टाकला.

सिगालाची गोष्टही थोडक्यात सांगतो. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण भल्या सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत होता, कारण मरताना वडिलांनी तसं सांगितलं होतं. तथागतांनी त्याला सांगितलं की ह्या सहा दिशा म्हणजे तुझी माणसं आहेत. आईवडील, गुरुजन, पत्नी, मित्र, नोकर-चाकर आणि श्रमण. पत्नीसाठी सांगितलेल्या कर्तव्यांत पहिलं आहे मान देणे आणि दुसरं आहे अपमान न करणे. मला आधी वाटायचं, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली? आता वाटत नाही. वर्षातून एकदा साडी घेऊन मान देणारे आणि रोज चारचौघांत 'तुला काय कळतं' म्हणणारे नवरे मी पाहिले आहेत.

आणि अपमान व्हायला कारण मोठं लागतं असं नाही. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये एवढी मोठी फूट पडली, ती कशावरून? शौचगृहात हात-पाय धुवायच्या भांड्यात उरलेलं पाणी एकाने तसंच ठेवलं, एवढ्यावरून. दुसरा म्हणाला हा दोष आहे. मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही, असंही तोच म्हणाला, आणि नंतर आपल्या शिष्यांजवळ मात्र सांगितलं की त्याने दोष केला. झालं. शिष्य भांडले, उपासक विभागले. तथागतांनी समजावलं तरी ऐकेनात, तेव्हा ते सगळ्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात एकटे राहायला गेले. पाण्याच्या एका भांड्यावरून! आपल्या वस्तीत राहणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून संघात आजच्या दिवसाला महत्त्व आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनंती करतात की, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, तुम्हाला नुसती शंका आली असेल, तरी मला सांगा. सुरुवात थोरांपासून होते, लहानांपासून नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात, पाचशे भिक्खूंसमोर, खुद्द तथागतांनी विचारलं होतं की माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही गैर वाटतं का? त्यानंतर सारिपुत्तांनी आपल्यासाठी तेच विचारलं. आता आपण साधे गृहस्थ. आपल्याला पवारणेचा विनय लागू नाही. पण आजचा दिवस तोच आहे, आणि मला आज ते करायचं आहे. माझ्या लांबणीचं कारण हे.

तुम्ही सगळे ज्या लादीवर बसला आहात, ती २००४ साली मिस्त्रींनी बसवली. सगळी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणायची. दिवसभर बाहेरचं काम करून रात्री नऊनंतर ते इथे यायचे आणि बारापर्यंत लादी बसवायचे. अकरा रात्री. मजुरीचा एक पैसा घेतला नाही. धुतल्यावर पाणी आपसूक दाराकडे जावं म्हणून उतार दिला आहे, तो आजही चुकत नाही. मावशी म्हणायच्या, मिस्त्रीच्या लादीवर खराटा मारायलाच लागत नाही.

२०१९ सालची भीमजयंती. वर्गणीचं पावतीपुस्तक मिस्त्रींकडे, जमाखर्चाची वही माझ्याकडे. मे महिन्यात इथेच हिशोबाची सभा झाली. चाळीसेक माणसं होती. वहीतली जमा आणि हातातली रोकड जुळेना. १,४०० रुपये कमी. मी वही उघडी ठेवून विचारलं, 'मिस्त्री, चौदाशे रुपये कुठं गेले?' नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी फक्त प्रश्न विचारला. हिशोबनीसाने प्रश्न विचारायचाच असतो. पण प्रश्नाला आवाज असतो. माझा आवाज कसा होता ते तेव्हा जे इथे होते त्यांना आठवत असेल. मिस्त्रींनी पावतीपुस्तक दोनदा चाळलं. 'माझ्याकडनं सगळे दिलेत,' एवढंच म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या घरी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. चौदाशे रुपये मोजून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, 'पावती द्या.' आणि मी पावती फाडून दिली. तिची चार घड्यांची घडी करून त्यांनी पाकिटात ठेवली. त्या दिवसापासून मिस्त्री विहारात आले नाहीत. रस्त्यावरूनच हात जोडायचे आणि पुढे जायचे. स्वतः बसवलेल्या लादीवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी मी वही तपासायला बसलो. एका दुकानदाराच्या १,४०० रुपयांच्या पावतीची नोंद मी पान १२ वर केली होती आणि तीच नोंद पुन्हा पान १३ वर केली होती. रोकड पहिल्यापासून बरोबर होती. चूक माझ्या लेखणीची होती.

मग मी काय केलं? काही नाही. म्हटलं, पुढच्या सभेत सांगू. पुढच्या सभेला मिस्त्री नव्हते, मग त्यांच्या माघारी कशाला? म्हटलं, धम्मचक्र दिनाला घरी जाऊन सांगू. ते राहिलं. म्हटलं, बुद्धपौर्णिमेला सांगू, तर २०२० ची बुद्धपौर्णिमा टाळेबंदीत आली. त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं आहे! एकदा दूध केंद्रावर समोरासमोर आलो. ते 'जयभीम' म्हणाले. मीही म्हणालो. तोंडाशी आलेलं मी गिळून टाकलं. मागे चार माणसं उभी होती ना, त्यांच्यासमोर कसं सांगायचं? चाळीस माणसांसमोर विचारताना मला असं काही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मिस्त्री कामावर नव्या लादीला पाणी मारता मारता खाली बसले, ते उठलेच नाहीत. वय ५८. शोकसभा ह्याच जागी झाली आणि ज्येष्ठ म्हणून मला बोलायला सांगितलं. मी उठलो आणि म्हणालो, 'मिस्त्री अत्यंत प्रामाणिक गृहस्थ होते.' वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. वहिनी आत गेल्या, त्यांचं पाकीट घेऊन आल्या. पाकिटात ती पावती होती, चार घड्यांची. घडीवर फाटायला आली होती. मी खिशातून चौदाशे रुपये काढले. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, 'भाऊजी, हे त्यांना सांगायचं होतं. मला सांगून काय? सभेत विचारलं होतं ना, मग सभेतच सांगा.'

तेही मी आजपर्यंत पुढे ढकललं. कारण सांगायचं तर खोटं कशाला बोलू, माझा राहिलेला मान जपायचा होता. मावशींच्या फळ्यासमोर उभा राहिलो नसतो तर बहुधा आजही बोललो नसतो. आता माझंही वय बहात्तर आहे. उद्या फळ्यावर माझं नाव लिहायची वेळ आली, तर ही वही तशीच कपाटात राहील.

अध्यक्ष महाशय, आजची ही सभा हिशोबाची नाही हे मला कळतं. तरी भन्तेंची आणि आपली परवानगी घेऊन सांगतो. २०१९ सालची वही मी बरोबर आणली आहे. पान १३ वरची नोंद लाल शाईने खोडून खाली माझी सही केली आहे. विहाराच्या खात्यात १,४०० रुपये जास्त जमा आहेत, ते मिस्त्रींचे आहेत. ते सन्मानपूर्वक वहिनींना परत करावेत असा ठराव मी मांडतो. कुणीतरी अनुमोदन द्यावं. आणि चूक हिशोबनीसाची होती, वर्गणी गोळा करणाऱ्याची नव्हती, हे आजच्या इतिवृत्तात ह्याच शब्दांत लिहावं. त्या दिवशी जे चाळीस जण होते आणि आज आलेले नाहीत, त्यांच्या घरी मी स्वतः जाईन. यादी केली आहे.

वहिनी, तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला आहात, मला दिसताय. पोराला घेऊन पुढे या. मंगलमैत्री झाल्यावर वही तुम्ही स्वतः बघा, मगच अध्यक्षांनी सही करावी.

जयभीम. नमो बुद्धाय.